सदतीस नंबरचा पाय

"फाडा बिनधास्त. फाडायलाच केलंय ते," डिझायनर मुलगी बाकावरच्या बायकांना परत परत सांगत होती, पण एकीचाही हात पुढे होईना. नवी कोरी वस्तू हातात आल्याबरोबर फाडायची म्हणजे कुणाच्याही जिवावरच येतं.

बूट कारखान्याच्या सॅम्पल रूममध्ये आज बाहेरच्या बायका बोलावल्या होत्या. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या दोघी, बसची एक कंडक्टर, शाळेतली शिपाईणबाई आणि आणखी तिघीचौघी. अट एकच, पायाचा नंबर सदतीस हवा. प्रत्येकीच्या पायात कारखान्याचा काळा बूट होता आणि हातात मुलीने महिनोन् महिने खपून तयार केलेला इनसोल, म्हणजे बुटात पायाखाली घालायचा मऊ तळ. कारखान्यात बूट बेतणारे मास्तर त्याला जुन्या सवयीने सुखतळा म्हणत. याची गंमत अशी की तो जिचा तिने आपल्या हाताने आपल्या मापाचा करून घ्यायचा. कात्री नको, कारागीर नको. खालच्या बाजूला पातळ थर एकावर एक चिकटवलेले. बूट घट्ट वाटला तर एक थर सोलून काढायचा, तरी घट्ट वाटला तर दुसरा. पुढे बोटांपाशी एक छोटी उशी आणि तिच्यावर बारीक भोकांच्या रेषा. बोटं टेकायला लागली तर त्या रेषेवर फाडून जागा करायची. सैल बूट असेल तर काहीच करायचं नाही, सगळं तसंच आत सारायचं.

खिडकीजवळच्या स्टुलावर सदतीसबाई बसली होती. तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती मुकाट्याने एकेक थर सोलत होती.

तिला कारखान्यात दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. विशीत पॅकिंगला लागली तेव्हा थोरल्या शेठनी एकदा पॅकिंगच्या सगळ्या पोरींना रांगेत उभं करून फर्म्याशी पाय ताडून पाहिले होते. फर्मा म्हणजे ज्याच्यावर बूट बेततात तो पायाचा साचा. हिचा पाय त्याच्याशी असा तंतोतंत जुळला की मास्तर म्हणाले, "ही पोर आपल्या फर्म्यावरच बेतलेली दिसते." त्या दिवशी तिचं नाव मागे पडलं आणि नंबर पुढे आला. आता गेटवरचा वॉचमनसुद्धा तिला सदतीसबाई म्हणायचा आणि तीही ओ द्यायची.

काम म्हटलं तर काहीच नाही आणि म्हटलं तर सगळं. बायकांचा कुठलाही नवा बूट आधी तिच्या पायात जायचा. ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालायची आणि सांगायची, इथे चावतोय, इथे करंगळी दबतेय. मास्तर फर्म्याला कुठे सूतभर सोडायचे, कुठे सूतभर आत घ्यायचे. बाईंनी मान डोलावली की बूट पास. तिच्या शब्दापुढे थोरले शेठ कधी गेले नाहीत आणि आता धाकटेही जात नव्हते. "नुसतं चालायचा पगार घेते मी," ती शेजारणींना हसून सांगायची. पण लोकांच्या बुटात चालून चालून ती थकून गेली होती. अलीकडे घरी पोहोचली की दारातच बसायची आणि बराच वेळ उठावंसं वाटायचं नाही.

"मॅडम," कंडक्टरबाईने हात वर केला, "याला अजून एखादा थर वाढवून मिळेल का हो? सगळे ठेवले तरी टाच वर येतेय."

"माझीपण," दुकानातल्या दोघी एकदम म्हणाल्या. शिपाईणबाईने तर पाय झटकला आणि बूट सरळ निघून समोर जाऊन पडला. सगळ्या खो खो हसल्या.

सदतीसबाईही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष खाली गेलं. तिच्या स्टुलाखाली सोललेल्या थरांचा ढीग पडला होता. सगळे थर काढून झाले होते, उशी शेवटच्या रेषेपर्यंत फाडून झाली होती आणि बूट आता कुठे तिला नीट बसला होता. बाकाखालची फरशी मात्र लख्ख होती. एकीनेही एक कपटा टाकलेला नव्हता.

तिने पायाने तो ढीग आणखी आत सारला.

डिझायनर मुलगीही तिथेच बघत होती. पोरगी हुशार होती आणि मनाची चांगली होती. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमचा पाय शेवटचा कधी मोजला होता?"

"त्यांचा पाय काय मोजायचा?" मास्तर पलीकडून म्हणाले. "त्यांच्या पायानेच तर आपण सगळं मोजतो." म्हणताना हसले खरे, पण नजर त्यांनी हातातल्या फर्म्यावरून हलवली नाही.

बायका गेल्यावर सदतीसबाई त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मास्तर, खरं सांगा. फर्मा वाढलाय ना?"

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुम्ही म्हणायचात चावतोय. मी सोडत गेलो. तुम्ही काय खोटं बोलत होता?"

"खोटं कशाला बोलीन? चावायचाच."

"मग तेच तर. दर खेपेला सूत, अर्धं सूत. एवढ्याशाने काय होतंय म्हणायचं. मापाचं माप कोण घेणार, बाई?" त्यांनी चष्मा परत चढवला. "हे बघा, तुम्ही आता गप्प बसा. शेठ त्या सुखतळ्यावर खूश आहेत. बूट सैल आहे म्हणूनच तो खपणार आहे. पोरीचंही नाव होईल. तुमची आमची आता वर्षं ती किती राहिलीत? ती सुखाने जाऊ देत."

त्यांचं म्हणणं तिला पटलं. पटलं म्हणूनच तिला घरी जाईपर्यंत चैन पडलं नाही.

घरी लेक दारातच मोजे काढत बसली होती. ती दवाखान्यात नर्स होती, उभ्याउभ्या पाळी काढायची. सॅम्पलचे जास्तीचे जोड आईच्या मापाचे, म्हणजे लेकीच्याही मापाचे, म्हणून लहानपणापासून तिने बुटांच्या कुठल्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती. मोजा टाचेला चिकटला होता. तिने तो ओढला तसं खालचं कातडं दिसलं, लालभडक, सोललेलं.

एरवी सदतीसबाईने तोंड सोडलं असतं. पाय घासत चालतेस, चालायचं वळणच नाही तुला, हे तिचं ठरलेलं होतं. आज ती खाली बसली आणि म्हणाली, "इकडे ये. माझ्या शेजारी पाय टेकव."

"आता हे काय नवीन?"

"टेकव म्हणते ना."

टाचेला टाच लावून दोघींचे पाय फरशीवर आले. लेक शाळेत होती तेव्हा हा दोघींचा खेळच होता आणि तेव्हा चारी पाय एकसारखे दिसायचे. आता आईची बोटं लेकीच्या बोटांच्या चांगली पुढे गेली होती. पंजाही पसरून रुंद झाला होता.

"अगं बाई! केवढा झालाय तुझा पाय!" लेक हसली. मग आईचा चेहरा बघून थांबली. "अगं, वय झालं की होतं असं. तळव्याची कमान बसते, पाय पसरतो. आमच्या वॉर्डात सगळ्या आज्यांचं हेच."

"म्हणजे मी आजी?"

"तसं नाही गं."

"बूट सैल होतात म्हणून सांगितलं का नाहीस मला?"

"शंभरदा सांगितलं, आई. तू म्हणायचीस, मी स्वतः घालून बघितलाय, बूट बरोबर आहे. तुझाच पाय कुठेतरी चुकतोय."

लेकीने टाचेला मलम लावलं, पट्टी लावली आणि स्वयंपाकाला उठली. सदतीसबाई तिथेच बसून राहिली. लाज वाटत होती, राग येत होता आणि राग कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. तिने काही चोरलं नव्हतं, लबाडी केली नव्हती. ती फक्त म्हातारी होत गेली होती आणि सगळ्या बायकांचे बूट तिच्याबरोबर म्हातारे करत गेली होती. उद्या हे उघड झालं तर ते स्टूल जाणार. स्टूल गेलं की ती कोण? पॅकिंगमधली एक बाई, तीही आता पॅकिंगचा वेग न झेपणारी.

पुढच्या आठवड्यात नव्या हंगामाचा बूट आला आणि धाकटे शेठ स्वतः सॅम्पल रूममध्ये आले.

"फर्म्याला हात लावायचा नाही," ते मास्तरांना म्हणाले. "बूट आहे तोच ठेवा. प्रत्येक जोडाबरोबर इनसोल वेगळा विकू."

डिझायनर मुलीने धीर करून तोंड उघडलं. "पण शेठ, एकीनेही थर काढला नाही. सगळ्यांनी अजून मागितले. ज्याला बूट बरोबर आहे त्याला थोडं कमीजास्त करता यावं म्हणून केला होता मी. मोठा बूट झाकायला नव्हे."

"मोठा? कुणाला मोठा?" शेठनी खिडकीकडे हात केला. "बाईंना विचारा. त्या म्हणतील ते खरं. आमच्या वडिलांपासूनची रीत आहे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मास्तरांनी बारीकशी मान हलवली, जाऊ द्या म्हणून.

सदतीसबाईने बूट घातला आणि चालली. काय सुंदर बसला होता! करंगळी मोकळी, टाच घट्ट, तळव्याला कुठे रग नाही. अख्ख्या दिवसात तिच्या पायांना आराम असा असल्या बुटातच मिळायचा. खिडकीपाशी येऊन तिने भिंतीला हात टेकला. एकदा मान डोलावली की काम झालं असतं. ती वळली.

"सैल आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सैल आहे, शेठ. टाच उचलली की मागे जागा राहते. आत घ्यायला पाहिजे."

तिच्या पायापुरती ही शुद्ध थाप होती. शेठ बुचकळ्यात पडले, मास्तरांकडे बघितलं, मग खांदे उडवले. "बाई म्हणतात सैल तर सैल. घ्या आत." आणि निघून गेले. डिझायनर मुलीने बाईंच्या पायाशी वाकून बुटाची नाडी सोडली, जे यापूर्वी तिने कधी केलं नव्हतं.

मग तो उद्योगच सुरू झाला. मास्तर फर्मा घासायचे, नवा बूट यायचा, बाई चालायची आणि म्हणायची, अजून सैल आहे. दुसऱ्या बुटाने करंगळी धरली. तिसऱ्याने अंगठ्याचा सांधा. गंमत म्हणजे प्रत्येक चावा तिच्या ओळखीचा होता. हा नवरा गेला त्या वर्षीचा, तेव्हा तिने मास्तरांकडून पुढे जागा करून घेतली होती. हा लेकीच्या वेळचा, पाय सुजायचे तेव्हाचा. मास्तर एकेक करून सगळं परत घेत होते आणि ती ते पायात घालून चालत होती. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. घरी गेल्यावर लेक कोमट पाण्याची बादली आणून ठेवायची. पहिले दोन दिवस तिने विचारलं, मग विचारणं सोडून दिलं.

"बाई, अजून?" एकदा मास्तरांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं. त्यांच्या हातात कानस होती.

"अजून."

"पुढच्या खेपेला तुमचा पाय जाणार नाही."

"मला माहीत आहे, मास्तर. तुम्ही घासा."

पुढच्या खेपेला त्या बाहेरच्या बायकांना परत बोलावलं. शेठ आले, कारण इनसोल बाजारात धाडायचा की नाही ते आज ठरणार होतं. मुलीने प्रत्येकीला बूट दिला आणि इनसोल दिला. आज फाडायला कुणी घाबरलं नाही. कंडक्टरबाईने एक थर सोलला, पाय घालून बघितला आणि समाधानाने टाच आपटली. शिपाईणबाईचा एक पाय दुसऱ्याहून लहान निघाला. तिने एकात सगळे थर ठेवले आणि दुसऱ्यातले काढले, आणि "आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पाय एकत्र चालतायत माझे," असं म्हणून सगळ्यांना हसवलं. दुकानातल्या एकीने काहीच काढलं नाही, दुसरीने उशी पहिल्या रेषेवर फाडली. बाकाखाली जागोजाग थोडे थोडे कपटे पडले. मुलगी ते बघत उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"छान," शेठ म्हणाले. "आता बाईंचं बघू आणि मोकळे होऊ."

मास्तरांनी बूट पुढे केला. सदतीसबाईने त्यातला इनसोल काढून बाजूला ठेवला. बोटं गोळा केली, पाय आत घातला, मागे चपटी पट्टी लावून रेटला. अर्ध्यावर अडकला. तिने उभं राहून अंगाचा भार दिला. टाच बाहेरच राहिली. मुलगी धावली, तिला तिने हातानेच थांबवलं, खाली बसली आणि पाय बाहेर काढला.

"मला होत नाही, शेठ," ती म्हणाली.

तिने बूट मांडीवर घेतला.

"म्हणजे आता बरोबर झालाय. हा सदतीस आहे. माझा पाय केव्हाच पुढे गेलाय."

शेठ कधी तिच्याकडे, कधी मास्तरांकडे बघत राहिले. मास्तर मान खाली घालून उभे होते. शेठच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला, तसा त्यांचा चेहरा आधी रागावला आणि मग नुसताच ओशाळला. थोरल्या शेठनी रांगेतून निवडलेल्या बाईला काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी ते बाकाकडे वळले आणि कंडक्टरबाईला म्हणाले, "तुम्ही... तुम्ही जरा चालून दाखवता का? कुठे चावतंय का सांगा."

कंडक्टरबाई पदर सावरून उठली आणि खिडकीकडे आली. तिच्या वाटेत स्टूल होतं. सदतीसबाई त्यावरून उतरली, अनवाणीच, आणि तिने ते दोन्ही हातांनी उचलून भिंतीला लावलं.