नऊची तालीम

"प्रकाश, तुझी एन्ट्री!"

विलास चौबळांनी दुसऱ्यांदा हाक मारली तरी प्रकाश उठला नाही. अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या घरी, सोफे भिंतीला सरकवून मोकळ्या केलेल्या हॉलमध्ये, गुरुवारी संध्याकाळची तालीम चालली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत प्रकाश संहिता छातीशी धरून गाढ झोपला होता.

"सर, हा कॅरेक्टरमध्ये गेलाय. थकलेला बाप!" तन्मय म्हणाला आणि सगळे हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चौबळांच्या पत्नी लतिकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

प्रकाश दचकून उठला. "सॉरी सर. शटडाऊन चालूय ना प्लांटवर, वर्षाची दुरुस्ती. बारा-बारा तास ड्युटी." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला, जागेवर येऊन उभा राहिला आणि पहिलंच वाक्य असं म्हणाला की हसणारे गप्प झाले.

हेच तर होतं त्याचं. रुवैसच्या रिफायनरीत ऑपरेटर असलेला हा माणूस गेली बारा वर्षं चौबळांच्या प्रत्येक नाटकात होता. तालमीसाठी सव्वादोनशे किलोमीटर यायचा आणि तेवढंच परत जायचा. चौबळ लिहायचे तेच मुळी त्याचा आवाज कानात ठेवून.

चौबळ स्वतः मुसफ्फामधल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर नंबर टाकायचे आणि ती योग्य टेबलावर पोचवायची, यात सव्वीस वर्षं गेली. ऑफिसात त्यांचं पूर्ण नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण अबू धाबीतल्या मराठी घरांमध्ये चौबळ म्हणजे नाटक. पहिलं नाटक त्यांनी बेडशीटचा पडदा लावून केलं होतं. मग दरवर्षी एक. लिहायचे तेच, बसवायचे तेच, परवानगीसाठी संहितेचं इंग्रजी भाषांतर करून खेटे घालायचे तेच आणि तिकिटं घरोघरी पोचवायचे तेही तेच. काही नाटकं चालली, काही पडली. एकदा त्यांनी स्टेजवर खरा पाऊस पाडला आणि पहिल्या तीन रांगा भिजवल्या. लोक अजून सांगतात. आणि एक खोड सगळ्यांना पाठ होती: प्रयोग दोन दिवसांवर आला की चौबळ शेवट बदलतात.

हे विसावं नाटक. नाव 'वजन तीस किलो'. गल्फमधली नोकरी संपवून, विमानात नेता येईल तेवढीच बॅग भरून परत निघालेल्या माणसाचं. चौबळही जूनमध्ये रिटायर होणार होते. ठाण्याला जाऊन सोसायटीच्या बाकावर बसायचं, हा विचार आला की ते नाटकाचे कागद पुढे ओढायचे. आणि नेमकं याच वर्षी मुंबईचे एक व्यावसायिक निर्माते दुबईला आले होते. शनिवारी संध्याकाळी ते प्रयोग बघणार होते.

तालीम संपल्यावर चौबळांनी टाळी वाजवली. "ऐका. शेवट बदललाय. तो विमानतळावर जात नाही. एकटाच बॅग उघडतो आणि एकेक वस्तू परत कपाटात लावतो. चार मिनिटं, एक शब्द नाही. शनिवारी सकाळी नऊला इथे तालीम, मग दुपारी हॉलवर."

सगळ्यांनी प्रकाशकडे पाहिलं.

"सर, शुक्रवारी माझी नाइट आहे," प्रकाश म्हणाला. "सहाला सुटेन. लीव्ह मिळत नाही, शटडाऊनमध्ये सगळ्या रजा खलास. म्हणून ठरलं होतं ना, दुपारपर्यंत झोपतो आणि अनुराधा मला गाडीतून आणते."

"चार मिनिटं मूकपणे उभं राहायचंय प्रकाश. न बसवता कसं होईल?"

प्रकाशने संहितेकडे पाहिलं. "नाही, शेवट भारी आहे सर. येतो. सुटलो की थेट निघतो."

सगळे गेल्यावर लतिकाबाई सोफा ओढता ओढता थांबल्या. "रात्रभर प्लांटवर उभा राहिलेला माणूस दोन तास गाडी चालवणार? अहो, तुम्ही स्वतः नीट झोपला नाहीत तर मुसफ्फाला जात नाही!"

"तो येतो म्हणाला ना."

"तुम्हाला कधी नाही म्हणालाय तो?"

शुक्रवारी दुपारी प्रकाशच्या बायकोचा फोन आला. अनुराधा रुवैसच्या शाळेत शिकवायची. मोजकं बोलणारी बाई. तिने कधी चौबळांना फोन केलेला नव्हता.

"सर, तुम्हाला सांगू नको म्हणालाय, पण सांगते. मागच्या महिन्यात तालमीहून येताना तो झोपला. स्टिअरिंगवर. रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यांवर टायर घरघरले म्हणून जाग आली. आल्यावर अर्धा तास गाडीतच बसून होता. सकाळची तालीम रद्द करा सर. दुपारी मी आणते त्याला, अगदी तीनच्या आत."

चौबळांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. "मी बोलतो त्याच्याशी," ते म्हणाले.

आणि बोललेही. पण काय बोलले? "काय रे, सकाळचं जमेल ना?" एवढंच विचारलं. पलीकडून प्रकाश हसला, "जमेल की सर. झोप काय, नाटक झाल्यावर आहेच." चौबळांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवला. अनुराधाला उलट फोन करायचा राहिला. राहिला म्हणजे, त्यांनी केला नाही.

शनिवारी सकाळी सव्वासहाला घरातले दोन्ही मोबाइल एकदम किंचाळले. पोलिसांचा इशारा: दाट धुकं, वेगमर्यादा ऐंशी. लतिकाबाईंनी पडदा सरकवला. समोरची मशीद दिसत नव्हती. कंपाउंडची भिंतही नाही. कुणी काचेला बाहेरून ओला कापूस चिकटवावा, तसं पांढरं.

"त्याला फोन करा. करा आधी."

चौबळांनी स्पीकरवर फोन लावला.

"निघालोय सर!" प्रकाशचा आवाज मोठा होता, झोप उडवण्यासाठी लोक मोठ्याने बोलतात तसा. मागे वायपरची लय ऐकू येत होती. "धुकं आहे जरा. पोचतो, इन्शाल्ला."

लतिकाबाई खुणेने सांगत होत्या: थांबवा त्याला. पंपावर गाडी लाव म्हणावं. परत जा म्हणावं. चौबळांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं.

"सावकाश ये," ते म्हणाले. "आम्ही बाकीचं उरकून घेतो. तुझं दहाला धरू."

"ओके सर."

लतिकाबाई आत गेल्या.

नऊ वाजता तन्मय आला, बाकीचे आले. सगळे धुक्याचंच बोलत होते. तालीम सुरू झाली. प्रकाशच्या जागी चौबळ स्वतः उभे राहिले आणि बॅग उघडून दाखवू लागले. पण हातात शर्ट घेतला की पुढचं सुचेना. दहा वाजले. सव्वादहाला त्यांनी फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

"प्रकाश! कुठे आहेस?"

"भाईसाब," पलीकडे अनोळखी, दमलेला आवाज होता. "मेरा नाम मुश्ताक है, ट्रेलर चलाता हूँ. ये फोन नीचे सीट के पास बज रहा था. आप घरवाले हो?"

"क्या हुआ?"

"बहुत गाड़ियाँ लगी हैं यहाँ, एक के पीछे एक. आपके आदमी को अँब्युलन्स ले गई. मिर्फा के हॉस्पिटल की तरफ." मागे सायरन वाजला. "ब्रेक का निशान नहीं है भाईसाब. सीधा आया वो."

चौबळांनी फोन खाली ठेवला. हॉलमधले सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि उघड्या बॅगेतले कपडे सोफ्यावर पसरलेले होते.

गाडी तन्मयने चालवली. मागे चौबळ आणि लतिकाबाई. धुकं वर उचललं जात होतं, तसतसा रस्त्याकडेचा वाळूचा पट्टा दिसत होता, मग कुंपण, मग उलट्या दिशेने येणाऱ्या क्रेन. एकीवर पांढरी गाडी होती, पुढचा भाग नसलेली. तिघांनीही पाहिली. कुणीही ती कुणाची म्हणून विचारलं नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अनुराधा आणि तिची तेरा वर्षांची मुलगी शुभ्रा बसल्या होत्या. रुवैस तिथून जवळ, त्या आधी पोचल्या होत्या. लतिकाबाईंनी जाऊन अनुराधाला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, पण तिचे हात मांडीवरच राहिले.

"अकरा चाळीसला," ती म्हणाली.

चौबळ भिंतीपाशी उभे राहिले.

"मी त्याला दुपारी आणणार होते," अनुराधा म्हणाली. जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिने चौबळांकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्यांना पेललं असतं. ती नुसतीच बघत होती, परक्या माणसाकडे बघावं तशी.

"ममा, डू दे नो व्हेअर हिज ग्लासेस आर?" शुभ्राने विचारलं. "ही कान्ट सी विदाउट देम."

तन्मय तोंड फिरवून खिडकीपाशी गेला.

दीडच्या सुमाराला अनुराधाचा भाऊ शारजाहून पोचला. कागदपत्रं, पोलिस, मृतदेह भारतात न्यायचं काम. त्याने एकेक हातात घेतलं. चौबळ मदतीला पुढे झाले तेव्हा अनुराधा उठली.

"सर, तुम्ही जा. लतिकाताई थांबू देत. तुम्ही इथे नको."

परतीच्या रस्त्यावर ऊन लख्ख होतं. तन्मयने गाडी पंपावर थांबवली आणि फोन पुढे केला. "सर, सगळ्या ग्रुपवर टाकायला मेसेज केलाय. 'अपरिहार्य कारणास्तव आजचा प्रयोग रद्द.' बरोबर आहे ना?"

चौबळांनी तो दोनदा वाचला. "टाक," ते म्हणाले. "आणि मला हॉलवर सोड."

"घरी चला सर. तिथे जाऊन काय करणार?"

"सगळे मेसेज वाचत नाहीत."

हॉलचा मॅनेजर फहद साडेपाचला दारावर कागद चिकटवत होता. त्याला बातमी कळली होती. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि हिंदीत विचारलं, "टेक्निकल रीझन लिखा है. ठीक है ना सर?"

चौबळांनी कागद सोडवून घेतला, घडी केली आणि फहदच्या हातात दिला. मग काचेच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. वीस वर्षांत ते प्रयोगाआधी कधी दारात उभे राहिले नव्हते. ते नेहमी विंगेत असायचे.

पहिली गाडी आली. नवरा, बायको, नटलेल्या दोन मुली.

"आज प्रयोग नाही," चौबळ म्हणाले. "प्रकाश गेला. नाइट करून गाडी चालवत येत होता. सकाळी नऊची तालीम मी ठेवली होती. त्याच्या बायकोने नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

माणूस गोंधळला. "अहो सर, तुम्ही असं... धुकं होतं..."

"धुकं होतं. मीच त्याला ये म्हटलं."

मग दुसरं कुटुंब. मग तिसरं. प्रत्येकाला तेच, तेवढंच. काही बायका तिथेच रडल्या. एक गृहस्थ चौबळांकडे पाठ फिरवून निघून गेले. चौबळांनी त्यांना जाताना शेवटपर्यंत पाहिलं.

सहाच्या सुमाराला मुंबईचे निर्माते टॅक्सीतून उतरले. त्यांनीही ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट झालं. पण चौबळ, स्वतःला असं फाडू नका. या क्षेत्रात हे होतं. थोडे दिवस जाऊ देत, मग संहिता मेल करा. तन्मय फोनवर म्हणत होता, नवा शेवट जबरदस्त आहे."

चौबळांनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या माणसाची वाट पाहिली, तो हाच.

"तो कुणी केलाच नाही," ते म्हणाले. "मेल नाही करणार मी."

निर्माते थोडा वेळ घुटमळले, मग त्याच टॅक्सीत बसून गेले.

साडेसहाला एक वयस्कर जोडपं आलं. अल ऐनहून दीड तास गाडी चालवत आलेलं. आजोबांच्या हातात दोन तिकिटं होती. चौबळांनी सांगितलं. आता त्यांचा आवाज बसला होता, शेवटचे शब्द नुसते ओठांवर हलले. आजोबांनी तिकिटं खिशात ठेवली. आजींनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि चौबळांच्या पुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "अजून गाड्या येतायत."

पार्किंगच्या तोंडाशी दोन दिवे वळले होते. चौबळांनी दोन्ही हातांनी झाकण धरलं, चहा उभ्याउभ्याच संपवला, झाकण परत दिलं आणि पायरी उतरून त्या गाडीकडे चालू लागले.