पृथ्वीला लावलेली जादा कळी

शप्पथ घेऊन सांगते, अगदी गळ्याला चिमटा काढून सांगते, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठून चहा टाकावा, म्हणजे निदान बाकीच्यांची तरी सोय होईल.

एक शिवणआजी होती. हे नाव तिच्या नातीनं ठेवलेलं, कारण आजीच्या तोंडात कायम दोन टाचण्या आणि गळ्यात मोजपट्टी. नातीला ती म्हणायची बॉबीन. मशीनमधल्या रिळासारखी एवढीशी, गोल, आणि एका जागी म्हणून राहायची नाही. ह्या बॉबीनचे आईबाप नोकरीपायी दूर पूर्वेला जाऊन राहिले. आणि त्यांच्याही पलीकडे, आणखी पूर्वेला, राहायची बॉबीनची दुसरी आजी. म्हणजे शिवणआजीची विहीण. तिचं नाव पहाटआजी. सूर्य आधी तिच्या दारात हजेरी लावणार, मग बॉबीनच्या, आणि शिवणआजीकडे येईपर्यंत बिचारा दमलेला.

तर बॉबीननं नियम काढला होता. वाढदिवसाला जी आजी सगळ्यात आधी फोन करेल तिच्याकडे सुट्टीला जायचं. गेल्या वर्षी पहाटआजीनं आपल्या घड्याळात बारा वाजल्याबरोबर फोन फिरवला. बॉबीनच्या घरी तेव्हा नऊच वाजलेले, तारीख आदल्या दिवसाची! पोर पेंगुळलेली, "हो हो" म्हणाली, आणि गेली सुट्टीला तिकडे. शिवणआजीनं पोरीसाठी शिवलेले चार फ्रॉक तसेच खुंटीवर राहिले. वर्षभरात पोर एवढी वाढली की आता तिचं कोपरसुद्धा त्यात मावणार नाही.

शिवणआजीनं असा काही गळा काढला की यंदा नियमाला नवीन टाका पडला. बॉबीनच्या स्वतःच्या घड्याळात बारा वाजल्यावरच शुभेच्छा चालतील, आधी नाही. ती जागी राहून फोनपाशी बसणार.

आता तिथे बारा म्हणजे इथे किती? इथे दुपार तेव्हा तिथे रात्र, एवढं आजीला ठाऊक होतं. पण दुपार काय, जेवणापासून चहापर्यंत लोळतच असते. लेकीला विचारावं, तर ते जावयाच्या कानावर जाणार, आणि जावयाच्या कानावरून थेट त्याच्या आईच्या. नकोच ते.

मग तिनं आजोबांना उठवलं. आजोबा तरुणपणी मालवाहू बोटीवर होते, अर्धी दुनिया फिरलेले.

"अहो, ते रेखांश का काय ते सांगा बघू मला. माझ्या भाषेत सांगा."

आजोबांनी जांभई दिली. "तुझ्या भाषेत? मग पृथ्वी म्हणजे चोवीस कळ्यांचा झगा समज. वर गळ्याशी सगळ्या कळ्या एकत्र, खाली पायाशी परत एकत्र, मधे घेर. एकेक कळी म्हणजे पंधरा अंशांची उभी पट्टी. हा झगा दिवसातून एकदा स्वतःभोवती गिरकी घेतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. सूर्य आपला जागेवर. मग एक कळी त्याच्यासमोरून जायला किती वेळ?"

"चोवीस कळ्या, चोवीस तास. कळीला तास!"

"शाबास. पूर्वेला मोजत गेलीस की दर कळीला एक तास वाढव. पश्चिमेला आलीस की उतरव. आता काही देशांनी आपल्या सोयीनं ह्या शिवणी वाकड्या करून घेतल्यात—"

"वाकडी शिवण माझ्या घरात नको," म्हणत आजीनं कात्री उचललीसुद्धा.

दोन दिवसांत उरल्यासुरल्या कापडाचा चोवीस कळ्यांचा चेंडू तयार झाला. आजोबांनी नकाशात बघून तीन बटणं लावून दिली. पांढरं आपल्या गावावर, लाल बॉबीनच्या, काळं विहिणीच्या. आणि आजोबा परत लवंडले. आजीनं आत चिंध्या भरल्या. दाबून दाबून भरल्या. मशीनच्या दिव्यासमोर चेंडू धरून गिरकी दिली मात्र, पांढऱ्या आणि लाल बटणाच्या मधली शिवण टरकन उसवली.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? चार चिंध्या काढल्या असत्या. पण आजीनं आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाला पोट कमी करा म्हणून सांगितलं नव्हतं, ते पृथ्वीला काय सांगणार! कपडा घट्ट झाला की वाढवायचा, एवढंच तिला ठाऊक. हिरव्या चौकड्याची एक अरुंद कळी कापली, उसवलेल्या जागी बसवली, आणि मग निवांत मोजायला घेतलं. पांढऱ्यापासून लाल, अकरा कळ्या. म्हणजे तिथले रात्रीचे बारा, इथला दुपारचा एक.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी आजी तोंडातल्या टाचण्या काढून, पदर खोचून फोनपाशी बसली. एकाचा ठोका पडला आणि तिनं नंबर फिरवला.

"वाढदिव—"

"थांब आजी! अकराच वाजलेत!"

आजीच्या हातून रिसीव्हर सुटायचा राहिला. "अगं, काहीतरीच. तुमचं घड्याळ मागे असेल."

"मुळीच नाही. पहाटआजीनं पण मगाशी नऊला करून बघितला. मी परत पाठवलं तिला. ती म्हणाली, गजर लावून उठते आणि बाराच्या आधीपासूनच फिरवत बसते."

आजीनं रिसीव्हरवर हात ठेवला. "अहो, उठा! चेंडू बघा!"

आजोबांनी चेंडू मांडीवर घेऊन बोटानं मोजला. मग परत मोजला. "अगं, पंचवीस कळ्या! तू दिवस पंचवीस तासांचा करून ठेवलास की!"

"हळू बोला, लाईनवर पोर आहे."

"मग ठेव फोन. तासाभरानं कर."

"आणि तोवर विहीणबाई आत घुसल्या तर? मला नाही लागायचा मग." आजीनं हात काढला, घसा साफ केला. "बॉबीन, तुला पंचविसाव्या कळीतली माणसं माहितीयत का?"

"कोण?"

"पृथ्वीला एक जादा कळी आहे. हिरव्या चौकड्याची. नकाशावाल्यांना सापडलेली नाही, फार अरुंद आहे ना. सगळ्या जगाचा दिवस संपला तरी त्या लोकांचा एक तास उरतो."

"मग ते काय करतात त्या तासात?"

"मोज्यांच्या जोड्या जुळवतात. साऱ्या जगातले हरवलेले मोजे तिकडेच जातात."

"सगळे जुळतात?"

"एक उरतोच मेला. म्हणून तर रोज बसावं लागतं."

"आणि त्यांचा वाढदिवस?"

"पंचवीस तासांचा."

"हा अन्याय आहे!" बॉबीन ओरडली.

आजी सांगत सुटली. तिथे शाळेची घंटा वाजते ती घरी जायचीच. तिथल्या म्हाताऱ्यांना उशीर झाला म्हणून कुणी बोलू शकत नाही. अर्धा तास गेला, आणखी थोडा गेला. मग पलीकडचे प्रश्न विरळ झाले. मग नुसतं "हं". मग तेही नाही.

"बॉबीन? ए बॉबीन!"

पलीकडे शांत, संथ श्वास. पोर झोपली तर मुद्दाच संपला! तिनं रिसीव्हर मशीनपाशी नेला, पाय पायट्यावर मारला, आणि रिकामी सुई अशी पळवली की खडखडखडखड! आजोबा खुर्चीतून उडाले.

"काय झालं?" पलीकडून बॉबीन दचकून म्हणाली. "आजी, गाडी आली?"

"हो, पंचविसाव्या कळीची! घड्याळ बघ आधी!"

"दोन्ही काटे एकावर एक बसलेत."

"वाढदिवसाच्याखूपखूपशुभेच्छामाझ्याराणी!" आजीनं एका दमात टाका घातला, आणि मग कुठे तिला श्वास घ्यायची आठवण झाली.

"चालेल," बॉबीन म्हणाली. "पहिला नंबर. आजी, मी येईन तेव्हा ती माणसं दाखवशील?"

"दाखवीन की," आजी म्हणाली. आजोबांनी कपाळाला हात लावला.

थोड्या वेळानं फोन खणाणला. विहीणबाई.

"तासभर लाईन एंगेज! मी गजर लावून पहाटे उठून बसले, बोट सुजलं माझं. कोण बोलत होतं पोरीशी?"

"मीच हो. माझा हिशेब एका तासानं चुकला. वेळ मोजायच्या चेंडूला चोवीसाच्या जागी पंचवीस कळ्या शिवल्या मी."

"चुकला म्हणे! इतक्या सोयीचं चुकायला शिकवा मला. आणि असला चेंडू आहे होय तुमच्याकडे? मलाही एक शिवून द्या. पण चोवीसच कळ्यांचा हं."

"शिवते की. पण माप द्यायला गिऱ्हाइकानं स्वतः यावं लागतं. बॉबीनबरोबरच या."

विहीणबाई म्हणाल्या, "येते. पण मला गच्चीकडची खोली हवी. उजेडाची."

आणि सुट्टीला दोघी आल्या.

आता एवढ्या शपथा घेतल्यात म्हणून सांगून टाकते. आजोबा बोटीवर होते, तेवढं मी आपलं घातलं. ते जन्मभर टपाल कचेरीत होते, आणि साध्या होडीत बसले तरी त्यांना मळमळायचं. बाकी सगळं खरं.