विमानाच्या शेपटीकडून

धुळ्यातलं कापडाचं दुकान मुलाच्या, मननच्या हवाली करून केवलचंदशेठ साठीत रिमोटच्या विमानांच्या नादी लागले. पहिली दोन विमानं उठली आणि लगेच कलंडून मातीत गेली. घरच्यांच्या हसण्याला वैतागून शेठजी बोलून बसले, "तिसरं पडलं तर विमानाचं नाव काढणार नाही." बोलले खरे, पण तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिसऱ्याला त्यांनी जिवापाड जपलं. पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या दोन झडपा, म्हणजे एलेरॉन. विमान कलतं ते त्यांच्यामुळे. प्रत्येक झडपेला छोट्या मोटरच्या भुजेपासून एक तार. तारा कुठे अडकत नव्हत्या, ढिल्या नव्हत्या. नाव ठेवायला जागाच नव्हती.

सोनगीरजवळच्या पडीक रानात विमान ठेवलं, तेव्हा रानाचा मालक हिलाल हसून म्हणाला, "बठ्ठं वावर मोकळं शे, शेठ. कोठे बी पाडा!" सगळं रान पाडायला मोकळं आहे, हे शेठजींना फार लागलं.

गाडी असो की विमान, शेठजींच्या पत्नी राजकुंवरबाई पूजेशिवाय हलू देत नसत. नाकाला कुंकू लावायचं, नवराबायकोने समोर उभं राहून नारळ फोडायचा आणि तिथूनच शेठजींनी झडपा हलवून बघायच्या, असं दोन्ही वेळा झालं होतं. आज मात्र बाईंनी त्यांना बाजूला सारलं.

"तुमचीच दृष्ट लागते त्याला. जा मागे, शेपटीकडे."

"अगं, विमान माझं..."

"जा म्हणते ना!"

शेठजी तोंड पाडून मागे गेले आणि उगाच रिमोटची कांडी उजवीकडे दाबली. उजवी झडप वर यायला हवी. ती खाली गेली! समोरून बघताना विमानाचा डावा पंख आपल्या उजव्या हाताला येतो, आणि त्यालाच उजवा धरून ते तारा जोडत आले होते. सावरायला जावं तर विमान आणखीच कलायचं. दोन्ही विमानं त्यांनीच पाडली होती.

त्यांनी दोन्ही तारा काढून भुजांच्या दुसऱ्या टोकांना अडकवल्या आणि झडपा पुन्हा सपाट केल्या. आता कांडी उजवीकडे दाबली तशी उजवी झडप वर आली.

"काय झालं हो?"

"तू म्हणालीस तेच. माझ्या बघण्यातच खोट होती."

विमान उठलं. वाऱ्याने उजवा पंख दाबला. शेठजींनी श्वास रोखून कांडी डावीकडे नेली. पंख वर आला, सरळ झाला. शेठजींना हुंदका फुटला.

"पडलं?" बाईंनी डोळे गच्च मिटले होते.

"नाही गं. बघ तरी. ऐकतंय माझं."