दुसरा मिस्ड कॉल

दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही खंडेराव स्वतःच द्यायचा. निफाडात त्याच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बायको लंकाबाई मनाच्या आजारानं गप्प झाली, तेव्हा तो तिला नाशिक रोडला डॉक्टर योगिनीताईंकडे नेऊ लागला. तिथंही तोच प्रकार.

"लंकाबाई, कसं वाटतंय?"

"बरी हाय आता," खंडेराव सांगायचा. "लय आराम करती. विहिरीवर बी जात नाय, सून आणती पाणी."

लंकाबाई पदराचं टोक पिळत बसायची.

खंडेरावाच्या खिशातला नवाकोरा मोबाइल पाहून डॉक्टरांनी एक युक्ती काढली. लंकाबाईंनी रोज संध्याकाळी मिस्ड कॉल द्यायचा. मन बरं असेल तर एक, जड असेल तर लागोपाठ दोन. दोन आले की डॉक्टर फोन करतील आणि तो लंकाबाईंनीच घ्यायचा.

पण लंकाबाईला आकडे वाचता येत नव्हते आणि मोबाइल खंडेरावाच्या खिशातून हलत नव्हता. मग द्राक्षाच्या बागेतून आला की तोच बायकोच्या तोंडाकडे बघायचा, नंबर लावायचा, एक रिंग वाजली की कापायचा. त्यात लबाडी नव्हती. ती बरी आहे असं त्याला खरंच वाटत होतं.

महिनाभर रोज एकच मिस्ड कॉल. पुढच्या भेटीत डॉक्टर खूश झाल्या, म्हणाल्या, "उद्यापासून गोळ्या कमी करू." लंकाबाईनं झटकन मान वर केली. खंडेरावाला ते नंतर आठवलं.

त्या संध्याकाळी नेहमीचा मिस्ड कॉल देऊन, मोबाइल खाटेवर टाकून तो पाय धुवायला गेला. परत येतो तर मोबाइल लंकाबाईच्या हातात! हिरवं बटण दोनदा दाबलं की मघाचाच नंबर पुन्हा लागतो, एवढं तिनं रोज बघून हेरलं होतं. तिनं दाबलं, एक रिंग जाऊ दिली आणि कापलं. त्याचा एक, तिचा एक. दोन झाले.

क्षणात मोबाइल वाजला. तिनं तो कानाला लावला.

"मी बोलतीय, लंका," ती म्हणाली. "गोळ्या कमी करू नका, ताई. मी बरी नाय. मी विहिरीवर जात नाय ते आरामासाठी नाय. काठावर गेलं की उडी टाकावी वाटती, म्हनून सुनेला धाडते."

खंडेराव ओल्या पायांनी तिथंच उभा राहिला. त्याच घरात राहून त्याला जे कळलं नव्हतं, ते त्या मुठीएवढ्या यंत्रातून नाशिक रोडला पोचलं होतं. आणि ही बाई रोज मरणाला एकटीनं चुकवत होती! एवढं बळ तिच्यात कुठून आलं?

बराच वेळ बोलून झाल्यावर तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. "ताईंना तुमच्याशी बोलायचंय."

"खंडेराव, आज त्यांना एकटं सोडू नका. उद्या सकाळीच घेऊन या. याल ना?"

"येतो, ताई."

"आत्ता कशा दिसताहेत त्या?"

खंडेरावानं सवयीनं तोंड उघडलं. मग बायकोकडे पाहिलं आणि मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"तिलाच इचारा."