टेमनेंचं गाणं

लॅम्बर्टचं वागणं मला कधीच पटलेलं नाही, आणि या नाताळात तर त्यानं कळस केला. सकाळी चर्चमधून थेट माझ्या ओट्यावर. काळ्या केकचे दोन तुकडे खाल्ले, हॅम खाल्लं, लाल अंबाडीचं सरबत ग्लासभर रिचवलं आणि वर ऐकवलं, "इझमे, यंदा केकात रम कमी पडली." हे सगळं त्याच्या हातात आणून देत होती माझी नात केर्लिन. त्यानं बशीकडे बघून मान हलवली. पोरीकडे नाही. सोळा वर्षं हा माणूस बशीकडेच बघतोय.

केर्लिन त्याच्या मुलाची, वेंडेलची मुलगी. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. वेंडेल माझ्या लेकीला, अ‍ॅव्हरिलला लग्नाचा शब्द देऊन बोटीवर गेला तो बोटीसकट बुडाला. पोर जन्मली तेव्हा मी तिला घेऊन लॅम्बर्टच्या दारात गेले, तर म्हणतो, "माझा मुलगा गेला. आता त्याच्या नावाला काही चिकटवू नका." अ‍ॅव्हरिल त्रिनिदादला कामाला गेली, पोर माझ्याकडे वाढली.

नुसत्या नावाचा प्रश्न असता तर मी थुंकून मोकळी झाले असते. पण नाताळाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात मोठा ढोल, म्हणजे कुळाकुळाच्या नाचाचा सोहळा, बसतो. गुलामीत मळ्याचे मालक आमच्या माणसांना वर्षात नाताळाचे हे दोनच दिवस मोकळे सोडत. आफ्रिकेतून आणून जहाजातून उतरवलेल्यांची नावं त्यांनी बदलली, भाषा मोडली, पण कुणाचं कूळ कुठलं ते ढोलात राहिलं. क्रोमांटींचा ठेका वेगळा, इबोंचा वेगळा, टेमनेंचा वेगळा. ज्याचा ठेका त्यानंच रिंगणात उतरायचं, आणि कूळ येतं बापाकडून. परका उतरला तर मुख्य ढोलकरी चामड्यावर पंजा ठेवून ढोल धरतो, म्हणजे नाच तिथंच थांबवतो. आमच्याकडे अ‍ॅमोसचा ढोल असाच धरला होता, परक्या ठेक्यात उतरला म्हणून. अ‍ॅमोस मरून तीस वर्षं झाली, लोक अजून सांगतात.

आणि मुख्य ढोलकरी कोण? लॅम्बर्ट. टेमनेंचा शेवटचा जाणता.

लॅम्बर्ट ओट्यावरून उठून घरी गेल्यावर केर्लिन बशा विसळता विसळता म्हणाली, "आजी, उद्या मी टेमनेंत उतरणार."

"टेमने गातंय कोण उद्या?"

गाणं उचलायचा मान माझा. ढोल माझ्या तोंडाकडे बघून वाजतो. लॅम्बर्टनं पोर नाकारली त्या वर्षापासून मी टेमनेंचं गाणं उचललेलं नाही. विसरले म्हणते. सोळा वर्षं विसरतेय.

"तू गा," ती म्हणाली, "पुढचं मी बघते."

"आणि म्हाताऱ्यानं ढोल धरला तर?"

"धरू दे की. पण मग गावासमोर धरावा लागेल, माझ्याकडे बघून."

"त्यापेक्षा माझ्याबरोबर क्रोमांटीत ये. मी असताना कोण तोंड उघडतंय?"

"ते तुझ्या बापाचं कूळ, आजी. माझ्या बापाचं नाही."

पोर तोंडानं माझ्यावर गेलीय, तक्रार कुणाकडे करू?

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अंगणात चार चुली. बकरा, तुरीचे दाणे, मक्याचा घट्ट घाटा. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडावर थोरांचं, म्हणजे गेलेल्या पूर्वजांचं ताट मांडलं, त्यात बिनमिठाच्या भाताचे गोळे. ज्या कुळाचं गाणं होतं, त्याच कुळाचे थोर येऊन जेवतात. शेजारची पेट्रा दर वर्षीसारखी चिमूटभर मीठ घेऊन आली.

"टँटी, मेलेल्यांनाही चव असते."

"तुझ्या हातचं खाऊनच मेले असतील. ठेव ते मीठ."

दुपारपर्यंत शेजारच्या बेटावरून दोन होड्या भरून माणसं आली. पोरं शिट्ट्या फुंकत होती, बायका झगे झटकत होत्या, ढोल उन्हात तापून टणटणत होते. मी पणजीच्या कुदळीचं पातं आणि ते वाजवायची सळई काढून पेट्राच्या हातात दिली. कापसाच्या मळ्यात झिजलेलं ते पातं, आता त्यावर ताल धरतात. चार वाजता मी रिंगणाच्या चार कोपऱ्यांत रम आणि पाणी शिंपडलं. पहिलं रिंगण मोकळं ठेवलं, ते थोरांचं. मग क्रोमांटी. गुडघा दुखत होता तरी मीच उतरले. मग इबो. धूळ अशी उठली की चुली दिसेनात.

इबोंनंतर मांडिंगांचा ठेका, ही सोळा वर्षांची सवय. लॅम्बर्टचे हात त्या ठेक्यासाठी सरसावले होते. मी केर्लिनकडे पाहिलं. तिनं चपला काढल्या होत्या.

मी टेमनेंचं गाणं उचललं.

पेट्राच्या हातातली सळई घसरली. बाजूचे दोघे ढोलकरी लॅम्बर्टकडे बघत राहिले. लॅम्बर्टचे हात मांडीवर. पहिल्या ओळीला झील धरायला कुणी नाही, निम्मे विसरले होते. दुसऱ्यांदा म्हाताऱ्या हायसिंथनं धरली. तिसऱ्यांदा दहा गळे आले. ढोल गप्पच.

केर्लिन ढोलाशिवाय उतरली. तिनं रीतीप्रमाणे ढोलांना वाकून नमस्कार केला, झग्याची टोकं उचलली आणि पावलं टाकायला लागली. अस्सल टेमनेंची पावलं, आणि डावी टाच किंचित ओढत. हुबेहूब लॅम्बर्टची चाल. हायसिंथनं छातीवर हात मारला.

तेव्हा मला शेळ्यांचा उलगडा झाला. दर रविवारी ही शेळ्या आणायला जायची. शेळ्या चरतात लॅम्बर्टच्या परसामागं. तिथं तो एकटाच टेमने वाजवत बसतो आणि मधेच उठून नाचतो. ही कुंपणाआडून शिकत होती.

लॅम्बर्टचा पंजा वर गेला, चामड्यावर आला.

त्यानं थाप मारली.

मग काय सांगू. दोन्ही ढोल त्याच्यामागे धावले, कुदळ खणखणली, मी अशी गायले की गळ्याची शीर तुटेल. केर्लिन गिरक्या घेत होती आणि लॅम्बर्ट आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता त्याचा.

ठेका संपवून तो माझ्यापुढे आला. "सोळा नाताळ माझे थोर या अंगणातून उपाशी गेले, इझमे. तू एकदा गायली नाहीस."

"आणि माझी पोर?"

केर्लिननं घाट्याचं ताट पुढे केलं. त्यानं ताट घेतलं, पण बघितलं तिच्याकडे.

"पावलं चांगली आहेत," तो म्हणाला. "पण टाच ओढायची नसते, पोरी. माझ्या गुडघ्यात वात आहे, म्हणून मी ओढतो."

सगळं अंगण हसलं. केर्लिन लाजली. मी हसले नाही.

"लॅम्बर्ट, नीट ऐक," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "मी थोरांना उपाशी ठेवलं, त्यांची माफी मी आत जाऊन मागेन. पण तू जिवंत पोरीला उपाशी ठेवलंस, तुझं पाप मोठं. आता दर रविवारी माझ्या ओट्यावर येऊन तिची टाच सरळ करायची. आणि केक तुझा तू आणायचास, हवी तेवढी रम घालून."