दस्तुरी

पुडक्याला बांधलेली चिंधी सेंटिमीटरभर रुंद होती. तिच्यात दोन लाल रेघा, पहिली चार धाग्यांची, दुसरी तीन — तिथला चौथा धागा विणतानाच तुटला असावा. रत्नप्रभाने पुन्हा मोजले. तीनच. पुडके बाबांच्या मांडीवर होते आणि त्यावर त्यांचे दोन्ही हात. बावीस वर्षे गिरणीत मागावर उभे राहून साठलेला फंड, संप फसल्यावर हाती आलेला... आणि आज तो मालाडच्या या खोलीत, डिग्री कॉलेजात जागा मिळवून देणाऱ्या चंद्रप्रकाशच्या टेबलावर जायचा होता.

तिच्या वहीत आठ दिवसांपासून दुसराच कागद होता. सरकारी पॉलिटेक्निक, मेकॅनिकलचा डिप्लोमा. तिन्ही वर्षांची फी या पुडक्याच्या व्याजातही बसली असती. आज तीनपर्यंत ती भरली नाही तर जागा पुढच्या नावाला जाणार. बारावी होऊनही दहावी झालेल्या मुलांबरोबर बसायचे, दोन वर्षे पाण्यात — ते तिने मनाशी मान्य केले होते. तिथली वर्कशॉप ती स्वतः पाहून आली होती. लोखंड कातायचे लेथ जुने होते, तेलाने काळे, पण चालू होते. चंद्रप्रकाशच्या पत्रकात वर्कशॉप म्हणून हाताने काढलेले चित्र होते. इतके सरळ होते सगळे. सांगायचे तेवढे राहिले होते.

एकदा तिने सुरुवात केली होती. "बाबा, सरकारी जागा जवळजवळ फुकट असते."

"फुकटची जागा टिकता काय गो?" बाबा हसले होते. "मी जॉबराक दस्तुरी दिली, म्हणून पर्मनंट झालो. धाकून दिली नाय. तो मरेपर्यंत बदलीच रवलो."

कामगार भरणाऱ्या जॉबरचा हात ओला न केलेला धाकूकाका, बाबांचा सोबती, रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभा राहायचा, कोणी गैरहजर असेल तर आत घेतील म्हणून, आणि बहुतेक दिवशी परत यायचा... बाबांनी हे डोळ्यांनी पाहिले होते. निरीक्षण चुकले असते तर तिला खोडता आले असते. पण ते बरोबर होते, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र —

"काका, टेन्शन नको," चंद्रप्रकाश म्हणाला. "पोरगी इंजिनिअर झाली समजा. सिव्हिल का इलेक्ट्रॉनिक्स?"

"मेकॅनिकल ना गो?" बाबांनी तिच्याकडे पाहिले.

"मेकॅनिकल? मग लग्न काय लेथशी लावणार?"

बाबा हसले. किंचित उशिरा, मान खाली घालून. घरी ते असे कधीच हसत नसत. एकोणिसाव्या वर्षी जॉबरसमोर ते असेच हसले असतील — तिच्याहून फक्त एका वर्षाने मोठे.

"पावती...?" बाबांनी विचारले.

"डोनेशनची पावती नसते, काका."

बाबांनी समजल्यासारखी मान हलवली. दस्तुरीचीही नसे. त्यांनी पुडके टेबलावर ठेवले, पण हात अजून काढला नव्हता.

आठ दिवस तिला वाटत होते, आपण त्यांच्या रागाला भितो. ते खरे नव्हते. ते रागावणार नाहीत, याची तिला भीती होती. नुसते 'बरं' म्हणतील, पुडके पिशवीत घालतील आणि घाटकोपरला घरी पोहोचेपर्यंत काही बोलणार नाहीत. ही भीती आताही तेवढीच होती, कणभरही कमी नाही. फक्त आता ती तिला नीट दिसत होती, आणि त्या भीतीसकट बोलता येईल असे वाटत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी इथे शिकणार नाही. मला सरकारी डिप्लोमाला जागा मिळालीय. आठ दिवस झाले."