सव्वासहाची नोंद

लोणीतल्या त्या घराच्या स्लॅबवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीत बसणाऱ्याला आभाळ दिसत नव्हतं, तरी तो मान वर करून बसायचा. दुसरीत बसणारीला सगळं लख्ख दिसायचं, पण ती खाली मान घालून लसूण सोलायची. पंचवीस-तीस वर्षांचा संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं म्हणा.

चांगदेव बावीस वर्षं हवाई दलात रडारवर होता. सार्जंट म्हणून चौऱ्याण्णव साली घरी आला आणि गावानं त्याचा ‘सार्जन’ करून टाकला. घरी आलेले फौजी कोणी सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात, कोणी द्राक्षाची बाग लावतात. चांगदेव उपग्रहांच्या नादी लागला. सूर्य बुडालेला असतो, खाली अंधारून आलेलं असतं, पण खूप वर असलेल्याला अजून ऊन लागत असतं. त्या तासाभरात ते दिसतात. चांदणीसारखेच, फक्त लुकलुकत नाहीत. कोणाच्या अध्यात ना मध्यात, आपले सरळ चालत जातात. हात लांब करून मूठ धरायची आणि क्षितिजापासून किती मुठी वर ते मोजायचं. वेळ, दिशा, मुठी. चौदा वर्षांत अशा नऊ वह्या भरल्या.

दहावी वही सुरू झाली आणि त्याला काचबिंदू झाल्याचं कळलं. नजर कडेकडेनं मिटत आली. पाइपातून बघावं तसं समोरचं तेवढं दिसे, तेही उजेडात. मंचरचा डॉक्टर म्हणाला, गेलं ते येणार नाही, आहे ते सांभाळा. चांगदेवनं ऐकून घेतलं आणि घरी येऊन वही पारूबाईच्या पुढ्यात ठेवली.

“आजपासून बघायचं तू, लिहायचं तू. मी विचारीन.”

“मी? मी चौथी शिकलेली बाई.”

“मग? आकडे दहाच असतात.”

तेव्हापासून पारूबाई पहाऱ्यावर होती.

शेजारचा म्हस्कू मेंढरं घेऊन माळावरून येई, तो कधीकधी त्यांना बांधात बसवून स्लॅबवर चहाला येई. चांगदेवला ऐकणारा माणूस लागायचाच. गेल्या साली चीननं स्वतःचाच एक जुना उपग्रह खालून मारून फोडला, यंदा फेब्रुवारीत अमेरिकेनं एक फोडला, हे त्यानं म्हस्कूला चारदा सांगितलं होतं.

“सोताचाच फोडला?” म्हस्कू म्हणाला. “आन् मग नुकसान कुनाचं झालं?”

“नुकसान करायचं नव्हतं रे. आपल्याला फोडता येतो, हे दुसऱ्याला दाखवायचं होतं. ह्यालाच धाक म्हणतात. तू कुत्री कशाला पाळतोस? ती असलेली दिसावीत म्हणूनच ना?”

“सार्जनभाऊ, ते लांडग्याला चालतं. बिबट्याला कुत्रं म्हंजे जेवान.”

चांगदेव मांडीवर थाप मारून म्हणाला, “बरोबर आहे. समोर कोण आहे ते आधी कळलं पाहिजे. म्हणून तर बघत राहायचं! पण बघायचं कुणी? आर्मी म्हणते आमचे डोळे वेगळे, नेव्ही म्हणते आमचे वेगळे, आमची एअर फोर्स म्हणते आभाळ तर आमच्या बापाचं.”

“आमच्या तीन भावांच्या हिरीसारखंच की,” म्हस्कू म्हणाला. “ज्याची पाळी त्याचा पहारा. आन् मोटर चोरीला गेली कवा? पाळी बदलताना. थोरला घरी निघाला व्हता, मधला चपला घालत व्हता.”

“पारू, ऐकलंस? दिल्लीत एवढी वर्षं हेच कुणाला सुचत नव्हतं!”

पारूबाई लसूण सोलत होती. तिला म्हस्कूच्या त्या मधल्या भावाच्या चपला डोळ्यांपुढे दिसत होत्या.

त्या जूनमध्ये पेपरात आलं की दिल्लीत तिन्ही दलांचा मिळून अवकाशासाठी एकच कक्ष होणार. ती बातमी चांगदेवनं पारूबाईकडून तीनदा वाचून घेतली, कापून घ्यायला लावली आणि वहीत ठेवली. “आजवर काही दिसलं तर कळवायचं कुणाला, हाच प्रश्न होता,” तो म्हणाला. “आता पत्ता झाला.” एखाद्याचं लग्न ठरावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

पाऊस गेला, बाजरी निघाली. नोव्हेंबरचे दिवस आले. पण त्या आठवड्यात आभाळ धुरकट राहिलं. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. चांगदेव विचारायचा, “काही?” आणि ती म्हणायची, “न्हाई.” तिसऱ्या संध्याकाळी त्यानं विचारलंच नाही. हात मांडीवर पालथे ठेवून नुसता बसून राहिला. रिकामा. बस निघून गेल्यावर फाट्यावर उरलेल्या माणसासारखा.

चौथ्या संध्याकाळी पारूबाईच्या तोंडून निघून गेलं, “आला बगा.”

तो ताठ बसला. “कुठून?”

आता कुठून म्हणजे काय सांगायचं? खाली, पूर्वेच्या माळावरून म्हस्कूची मेंढरं घराकडं निघाली होती. धुक्यासारखी धूळ, त्यात पांढऱ्या पाठी, सगळ्यात पुढं घंटा बांधलेली म्हातारी मेंढी. पारूबाई तिच्याकडेच बघत होती.

“शिरूरच्या अंगानं,” ती म्हणाली. “चाललाय मंचरकडं.”

“पूर्वेकडून पश्चिमेला? नक्की?”

“नक्की. हळूहळू चाललाय. मधीच जरा थांबल्यागत वाटतोय.”

कारण मेंढी थांबली होती, बाभळीला तोंड लावायला.

“वेळ?”

“सव्वासा.”

त्यानं पुढच्या संध्याकाळी विचारलं, आणि ती पुन्हा हो म्हणाली. त्याच्या पुढच्याही. मेंढरं रोज सव्वासहालाच यायची, त्याला पारूबाई काय करणार? एका खोट्याला सोबत लागते, एकटं ते उभं राहत नाही. चार संध्याकाळी झाल्या. चांगदेवला झोपेत बोलण्याची सवय नव्हती, पण हल्ली जेवताना तो पुटपुटायचा. पृथ्वी फिरते त्या अंगानंच सगळे सोडतात, फुकटचा रेटा मिळतो. एखाददुसराच कोणी उलटा सोडतो, तोही मुद्दाम. आणि रोज ठरल्या वेळी, इतका हळू?

शनिवारी दुपारी तो म्हणाला, “वही ठेव. कोरा कागद घे. दिल्लीला रिपोर्ट पाठवायचा. उद्या प्रबुद्ध येतोय, तो पुण्याला जाताना रजिस्टर करील.”

प्रबुद्ध त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला, महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा.

चांगदेव सांगत गेला आणि पारूबाई आपल्याच अक्षरात आपलंच खोटं लिहीत गेली. ‘सदर वस्तू सलग चार दिवस’. सलग हा शब्द तिला फार जड गेला. शेवटी तो म्हणाला, “आता लिही. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकही चुकीची खबर दिलेली नाही, म्हणून ही खबर गांभीर्याने घ्यावी.”

पेन थांबलं.

“लिहिलंस?”

“लिवते.”

तो खुर्चीला टेकून बोलत राहिला. “चुकीची खबर म्हणजे काय असतं माहितीय का तुला? आपण सावध झालो की पलीकडचा बघतो, हे का सावध झाले? मग तो सावध होतो. मग आपण म्हणतो, बघा, झालाच ना! कुणी काही केलेलं नसतं, आणि दोन्हीकडं बोटं बंदुकीच्या घोड्यावर.”

तो तिथंच डुलकला. पारूबाई कागद मांडीवर घेऊन बसली. दुपारच्या उन्हात सगळं गाव पेंगुळलेलं. तिच्या डोळ्यांसमोर तो लिफाफा निघाला. फाट्यावरून, पुण्यावरून, रेल्वेत बसून दिल्लीला. तिथं एक मोठी खोली, खोलीत एकच टेबल. टेबलाभोवती तीन रंगांच्या वर्दीतले साहेब, तिघांनी एकाच कागदावर हात ठेवलेला. भिंतीवर अख्खं आभाळ टांगलेलं, आणि त्यातून घंटा वाजवत एक म्हातारी मेंढी चालली होती. कपाळावर दिवा. एक साहेब म्हणाला, ही पलीकडून आलीय. पलीकडे, डोंगरांच्याही मागं, दुसरी तशीच खोली होती. तिथलेही साहेब उठून उभे राहिले. मेंढी मात्र बाभळीपाशी थांबली, कारण तिला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पारूबाईनं तिला हाका मारायला तोंड उघडलं, तर आवाज फुटेना.

ती दचकून भानावर आली. दिल्लीचं जाऊ दे, तिला वाटलं. दिल्लीतले साहेब शहाणे असतील, हसून कागद टाकून देतील. पण ते हसतील कुणाला? ह्या माणसाला. ज्याच्याकडं आता बावीस वर्षांचं ते एक वाक्यच शिल्लक होतं, आणि तेही ती स्वतःच्या हातानं खोटं करून पाठवत होती.

संध्याकाळी स्लॅबवर गेल्यावर तिनं लसूण नेला नाही.

“सव्वासहा झाले का गं?” चांगदेवनं विचारलं.

“झाले. अहो, तो उपग्रह न्हवता.”

“मग? विमान?”

“मेंढरं व्हती.”

“कसली मेंढरं?”

“म्हस्कूची. खाली चालली व्हती. वर काईच न्हवतं. तुमी लई गप बसला व्हता, मला बगवलं न्हाई.”

खालून घंटा वाजत गेली. दोघांनीही ऐकली.

“चारही दिवस?”

“चारी.”

“थांबल्यासारखा वाटतोय म्हणालीस, ते?”

“बाभळीला.”

पारूबाईला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “वही आण. चारही नोंदींवर एकेक आडवी रेघ मार. गिरगटायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही कर.”

तिनं चार सह्या केल्या. ‘पारूबाई चांगदेव’. बँकेत करते तशा.

“मी तुला बोलत नाही,” तो म्हणाला. “पण एवढं सांग, आता मी कुणाच्या डोळ्यांनी बघू?”

तो भिंतीला हात लावत एकटाच खाली उतरला. तिनं हात पुढं केला होता. तो त्याला दिसला नसेल, असं तिनं ठरवलं.

रविवारी प्रबुद्ध आला, जेवला, निघताना म्हणाला, “बाबा, काय ते रजिस्टर करायचंय ना? आण आई.”

पारूबाई चुलीपाशी तशीच उभी राहिली. चांगदेव म्हणाला, “राहू दे. कागद अजून पक्का नाही. माझ्या हिशेबात गडबड झाली.”

“तुमच्या? हिशेबात?” प्रबुद्ध हसला. “आई, बाबा म्हातारे झाले बरं का.”

“व्हतं कुणाचंबी,” ती म्हणाली, आणि भाकरीच्या पिठाचे हात उगाच पुन्हा धुतले.

त्यानं तिच्या खोट्यावर पांघरूण घातलं होतं, पण स्लॅबवर जाणं बंद केलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. संध्याकाळ झाली की आत खाटेवर बसून रेडिओ लावायचा, तोही बातम्या संपल्यावर तसाच खरखरत ठेवायचा. म्हस्कू एकदा येऊन गेला. “सार्जनभाऊ, पाळी सोडली व्हय?” त्यावर चांगदेव म्हणाला, “थंडी वाजते.” म्हस्कूनं पारूबाईकडं पाहिलं. पारूबाईनं मेंढ्यांकडं.

शुक्रवारी ती वाळत घातलेली मिरची गोळा करायला वर गेली. आभाळ धुऊन काढल्यासारखं निवळलं होतं, खाली केशरी, वर निळं, त्याच्याही वर शाईसारखं. खुर्च्यांवर धूळ बसली होती. मिरच्या पोत्यात भरता भरता तिनं सहज मान वर केली, आणि तो दिसला.

खरा. जुन्नरच्या अंगानं वर चढत होता, एवढासा, न लुकलुकता. घंटा नाही, धूळ नाही. इतकं सरळ चालणारं तिनं भुईवर काही पाहिलंच नव्हतं. तिचे हात मिरच्यांतच राहिले. आपण बघतोय हे त्याला ठाऊक नाही, आणि तरी आपण बघितलं नसतं तर ह्या घरात तो आलाच नसता, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं. मग तो शेवरीच्या फांद्यांत शिरला आणि पुन्हा दिसला नाही.

सांगू नये, असं तिला वाटलं. आता कोण विश्वास ठेवणार? तरी ती जिना उतरली. दारात उभी राहिली.

“एक गेला,” ती म्हणाली.

रेडिओ खरखरत होता. चांगदेवनं तो बंद केला. “काय गेला?”

“उपग्रह. तुमी मानू नका, पर गेला.”

“वेळ?”

“घड्याळ खाली व्हतं. साडेसाच्या म्होरं.”

“किती पुढं?”

“म्हाईत न्हाई.”

“दिशा?”

“जुन्नरकडनं आला. गेला कुठं ते सांगता येत न्हाई. शेवरीत शिरला, मंग मला गावलाच न्हाई.”

“किती मुठी?”

पारूबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. तळव्यांवर मिरचीची लाली होती. “मोजल्याच न्हाईत. हात पोत्यात व्हते. मी नुसती बगतच ऱ्हायले.”

“थांबल्यासारखा वाटला का कुठं?”

“न्हाई वो. तो कशाला थांबतोय.”

चांगदेव मान कलती करून ऐकत होता, रडारवर कानाला हेडफोन लावून बसायचा तेव्हा बसत असेल तसा. प्रत्येक ‘माहीत नाही’गणिक त्याच्या कपाळाची एकेक घडी उलगडत गेली.

“लिही,” तो म्हणाला. “तारीख टाक. वेळ, अंदाजे. दिशा, जुन्नरकडून. पुढं मोकळं सोड. मुठींच्या जागीही मोकळं सोड.”

“येवढं मोकळं? शोभंल का वहीत?”

“शोभेल.”

ती वही शोधायला वळली, तर मागून पायांचा आवाज आला. तो खाटेखाली पायानंच चपला चाचपत होता.

“दुसरा येईल आता,” तो म्हणाला. “चल, पण आधी हात धू. डोळ्याला लावशील.”